छातीभर फरक

खानापूरच्या फलाटावरली पिवळी पाटी
समुद्रापासूनची उंची सांगते.
मष्णू गुरवनं समुद्र पाहिलेला नाही.
तो स्टाफ धरतो,
बुडबुडा मधोमध येईतो श्वासही.

माझ्या वहीत बंदराचे आकडे:
त्यांचं शून्य म्हणजे तळाची ओहोटी,
होडी चिखलात रुतू नये म्हणून.
आपलं शून्य सरासरीचं,
जिथं पाणी कधी थांबत नाही.
मधे छातीभर फरक.
तेवढा वजा करायचा, मग घाट चढायचा,
मागचं वाचन, पुढचं वाचन,
मैलाचा दगड, मोरी, पुन्हा दगड.

"म्हंजे समुद्र दोन हाईत काय, सायेब?"
"एकच. शून्यं दोन."
"मग आमच्या शेतागतच की!
आज्याचा उतारा मराठीत,
आत्ताचा कानडीत,
मधे दोन गुंठं जातंय.
ते कशातनं वजा करायचं?"

मी भिंगात डोळा घातला.
वाचन दोनदा चुकलं.

संध्याकाळी मलप्रभेत त्यानं स्टाफचा पाय धुतला.
गढूळ पाणी पुलाखालून पूर्वेला निघालेलं,
ज्या समुद्रापासून आम्ही दिवसभर मोजत आलो
त्याच्याकडं पाठ करून.
"हितनं कुठं जातंय हे?"
मी दुसऱ्या समुद्राचं नाव सांगितलं.
मष्णू नुसता हसला,
स्टाफ खांद्यावर टाकला.