बिननाकाची

वाडी नाक्यामागे, बाभळीखाली
नऊ वर्षं उभी होती ती, टायरांवाचून, विटांवर.
घेतली तेव्हा केबिनमध्ये मुंगसाचं बिऱ्हाड होतं
आणि दाराच्या आत कुणीतरी खिळ्यानं कोरलेला हिशोब :
डिझेल, चहा, पंक्चर, चहा.

हिला पुढं नाक नाही.
कपाळ थेट रस्त्याला भिडलेलं,
इंजिन आत, दोन माणसांच्या मधे,
तापट नातेवाइकासारखं.
मे महिन्यात ड्रायव्हरची डावी मांडी भाजायची म्हणे,
पुसात त्याच झाकणावर डबा गरम.

कामठी रोडला हमीदुल्लाच्या गोदामात
पंप मिळाला, तोही दुसऱ्याच गाडीचा.
हिंगण्याच्या गजभियेंनी लेथवर बुश काढून दिलं,
जुनं मोजून, नवं मोजून, पुन्हा जुनं मोजून.
"हे बुश गाडीपेक्षा जास्त जगन, सायेब."
काचेचं रबर कुठंच नव्हतं.
बायको म्हणाली, एवढ्यात स्वयंपाकघराला टाइल्स लागल्या असत्या.
लागल्या असत्या.

राहिलं होतं इंजिनावरचं झाकण,
ओतीव, कुबडासारखं.
पत्र्याचं करून पाहिलं, तर अख्खी केबिन दात वाजवू लागली.

मग कळमन्यातल्या एका म्हाताऱ्या हमालानं सांगितलं,
हिचा क्लीनर रामटेककडे असतो. दिवाकर उईके.

गेलो.
अंगणात झाकण उताणं पडलेलं,
त्यात बकऱ्यांसाठी पाणी.
"याच्यावर अकरा वर्सं झोपलो मी," उईके म्हणाले,
"घोंगडी टाकून. खाली इंजन चालू, वर मी.
घरी आलो त झोपच नाई लागे.
खाट हालेच ना."
पैसे घेतले नाहीत. पाणी जास्वंदीला ओतलं,
बाहीनं कडा पुसल्या.
एक बकरी त्या रिकाम्या गोल ओल्या जागेपाशी
आम्ही निघेपर्यंत उभी होती.

काल दुपारी, पंचेचाळीस डिग्रीत,
तिसऱ्या सेल्फला गाडी बोलली.
काळा धूर, मग करडा, मग नुसती हवा थरथरती.
उईके न विचारता आत चढले,
घोंगडी पसरली, पाय दुमडले,
चपला उशाला.

"कुठं जायचं?" मी विचारलं.
उत्तर आलं नाही.

तसंही ब्रेकची नळी इंदूरहून यायची आहे,
गाडी विटांवरच आहे अजून.
डिझेलचा काटा मेलेला,
म्हणून मी घड्याळ बघत
साडेतीनपर्यंत इंजिन चालू ठेवलं.