हात लाव गा

पहिल्या मॅचला आम्ही नऊ जण.
दहावा लतीफ पेंटर,
पण तो गोलपोस्टला चुना लावायला आला होता.

आमच्या पूर्णेत माणूस मॅच बघतो
पंचनामा बघावा तसा,
हाताची घडी घालून, गालात सुपारी धरून.
गोल झाला तर नुसतं "हं" म्हणतो.
रेफ्री चुकला की मात्र
त्याच्या सात पिढ्या याला तोंडपाठ.

मी पॉइंट्समन. तीस वर्षं झेंडी दाखवली,
गाड्या माझ्याकडं बघून थांबल्या, गेल्या,
कुणाला ओरडून "चल" म्हणायची पाळी आली नाही.
त्या रविवारी घसा खाकरला, म्हणालो, "पूर्णाऽ!"
पुढं कुणीतरी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं.
बाभळीवरून एक कावळा उडाला,
तेवढंच.

मग बैठक बसली लोको कॉलनीत, नरसय्याच्या ओट्यावर.
नरसय्याला नारा तेलुगूत पाहिजे,
लतीफ म्हणतो, "दोच लफ्ज रखो मियाँ,
तीसरे में सांस टूटती."
कदम मास्तरांनी विजयपताका, रणधुरंधर वगैरे घालून
आठ ओळी लिहून आणल्या,
त्या म्हणून होईस्तोवर
वसमतवाल्यांनी दोन गोल टाकले.

लिंबाजीनं हलगी शेकली, कानाशी धरली, विचारलं,
"कोणतं वाजवू? वरातीचं का मयताचं?"
स्कोअर बघून
कुणी लवकर उत्तर दिलं नाही.

तीन रविवार असेच गेले.
सुमेध, आमचा गोलकीपर, हाफटाइमला हळूच म्हणाला,
"काका, तुम्ही ओरडलात की
मला वाटतं गाडी आली,
मी बाजूला होतो."

चौथ्या रविवारी त्याची मावशी आली,
चौतराबाई खिल्लारे, गँगमधून रिटायर,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
भाकरीचा डबा मांडीवर धरून विचारू लागली,
"सगळे पळू लालेत,
आमचाच पोरगा जाळ्यापाशी उभा कामून?"
कुणी समजावलं, तिला पटलं नाही.

कॉर्नर होता. पोरं दमलेली, कमरेवर हात,
सुमेध एकटा सगळ्यांच्या मध्ये.
बाई उठली. डबा खाली ठेवला.
आणि पोटातून, बेंबीच्या देठापासून,
"हात लाव गाऽ!"

आणि पाण्याच्या टाकीपाशी बसलेले चार म्हातारे,
ज्यांनी आजवर "हं" च्या पुढं काही म्हटलं नव्हतं,
बसल्या जागी: "हय्या!"
"रूळ हालला?"
"हालला!"
"कुणी हालवला?"
"आम्ही!"

लिंबाजीला कुणी सांगितलं नाही.
दोन हाकांच्या मध्ये थापेपुरतीच जागा होती,
त्यानं ती बरोबर भरली.

नंतर तिनंच सांगितलं, भाकरी मोडत:
रूळ उचलताना बारा माणसं, एकच दम.
आवाज मागंपुढं पडला
तर कुणाची तरी बोटं जातात.
आम्ही जोश आणायला नारा शोधत होतो,
हा बोटं राहावीत म्हणून झाला होता.

त्या दिवशीही हरलोच, तीन-एक.
पण तो एक गोल घालणारा इम्तियाज
आमच्याकडं पळत आला आणि मध्येच थांबला,
पुढं काय करायचं असतं
त्याला ठाऊक नव्हतं, आम्हालाही.

हळदीनं पिवळ्या टाचांचा वसमतचा कीपर
जाताना म्हणाला, "ते शब्द लिहून देता का?"
मास्तर म्हणाले, "नाही."
लतीफनं बिडीच्या पाकिटावर लिहून दिले.

पुढच्या रविवारी चौतराबाई आली नाही,
हिंगोलीला लग्न होतं.
आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.
शेवटी लिंबाजीच्या धाकटीनं, वय वर्षं सात,
फेन्सिंगला लोंबकळत आरोळी ठोकली,
"हात लाव गाऽ!"

साफ चुकीची वेळ होती.
खेळ थांबला होता, बॉल नालीत गेला होता,
रेफ्री बुटाची लेस बांधत होता.

"हय्या!"
आम्ही सगळे.