सावदा, दुसरी बाजू

फर्नांडिसबाई भुसावळ सोडून निघाल्या
तेव्हा रेल्वे क्वार्टरच्या अंगणात मांडलं होतं सगळं:
गार्डसाहेबांचा कंदील, दोन वेताच्या खुर्च्या,
आणि ही तबकडी, वीस रुपये.

मी घेतली जाकिटावरच्या पानासाठी.
समुद्राकडे पाठ करून बासरीवाला, मागे केळ.
मी घडांचं वजन लिहिणारा माणूस,
म्हटलं, ही बसराई नाही, श्रीमंतीही नाही,
हिची पिलं कुणी कापलेली दिसत नाहीत.

ब्राझीलचं आहे, बाई म्हणाल्या.
गाण्यांची नावं वाचली आणि हसल्या:
आमची आजी हीच भाषा बोलायची,
हे लोक तोंडात गुळाचा खडा ठेवून बोलतात.
आणि जॅझ म्हणजे?
ठरलेली वाट सोडायची, मग परत यायचं.
फर्नांडिस तसेच घरी यायचे.

गोदामाच्या पत्र्याखाली, मे महिन्यात, लावली.
बासरी आली. ताल नाही आला.
म्हणजे आला, पण उंबऱ्याशी थांबला,
चप्पल काढावी की नको असा,
मग अर्धी मात्रा उशिरा आत.

पंधरा दिवस मला ती चूक वाटली.
मग वॅगन भरणाऱ्यांकडे पाहिलं.
या खांद्यावरून त्या खांद्यावर घड जातो
तेव्हा मध्ये एक क्षण तो कुणाचाच नसतो.
तिथेच.

गुमान पावरा, धडगावकडचा,
बंडीभर केळीच्या चिकाचे काळे डाग,
भाकरी खाऊन प्लेअरजवळ उकिडवा बसायचा.
वाहवा नाही, मान हलवणं नाही.
फक्त बोट वर करायचा
बासरीवाला जिथे चोरून श्वास घेई.
इथे घेतला.
इथे. इथे पुरला नाही.
गावी त्याची स्वतःची बासरी आहे म्हणे, हातभर लांब,
होळीशिवाय आढ्यावरून उतरत नाही.

एका दुपारी दुसरी बाजू चालू असताना
थ्री फेज आली, शिवारातल्या मोटरी एकदम सुरू,
व्होल्टेज पडलं.
पंख्याची पाती मोजता येऊ लागली,
तबकडी जडावली,
आणि बासरी उतरत गेली खाली, आणखी खाली,
जणू रावेरपर्यंतची केळ
तिलाच मुळांनी ओढून पीत होती.

मी बंद करायला उठलो.
गुमाननं माझा हात धरला, पहिल्यांदाच हसला:
"ऱ्हाऊ द्या. आते बराबर वाजी ऱ्हायनं."

बाईंना हे कळवायला हवं होतं.
पत्ता घ्यायचा राहिला.

हल्ली थ्री फेज रात्री दोनला येते.
मी दुसरी बाजू तेव्हाच लावतो.