रोखीचं गिऱ्हाईक

दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी,
शटर अर्धं वर गेलं न गेलं
की धुरपदाबाई पायरीवर येऊन बसते.
बी नको, खत नको.
"वही काढ," म्हणते.

मी उधारीची वही काढतो,
तणनाशकाच्या पानावर बोट ठेवून वाचतो:
मुंजाजी, दोन लिटर, माळाचं सोयाबीन.
अंगद ढवळे, एक लिटर, वढ्याकाठची पट्टी.
सोपानराव, अर्धा, बांध धरून.
एकेका नावाला ती एक बोट मिटते.
मग उठते, ओचा खोचते.
उरलेलं शिवार तिचं.

अक्षर तिला येत नाही. माझ्या वहीत
जे लिहिलेलं नसतं, तेवढंच ती वाचते:
महारुद्राचं पडीक. शाळेमागचं गायरान.
खदानीची कड, जिथं पंप पाठीवर घेऊन कुणी चढत नाही.
तिथं कुंजर, तिथं कोवळा तरोटा,
दगडांच्या बेचक्यात पाथरी,
आणि करटुल्याचा एक वेल,
ज्याची जागा ती सख्ख्या सुनेलाही सांगत नाही.
"नराचा हाय त्यो," म्हणते. "नुसतीच फुलं."
आणि श्रावणात चार वेळा तिच्या घरातून
करटुली परतल्याचा वास येतो.

मी कृषी पदविकेचा.
पुस्तकात या सगळ्यांना एकच नाव होतं: तण.
त्यांची लांबलचक शास्त्रीय नावं पाठ करून
मी बासष्ट टक्के मिळवले.
चिघळ डाळीत शिजवून वरून पीठ पेरलं
की ताटाशी बसलेला माणूस गप्प का होतो,
असा प्रश्न कधी आला नाही.

त्या मंगळवारी ती वही ऐकून गेली.
दुपारी गल्ल्यातल्या नोटा लावताना
दोनशेची एक दमट नोट हाताला चिकटली.
परवाची. महारुद्र.
औंदा पडीक मोडायचंय म्हणाला होता.
रोख.
रोखीचं मी वहीत धरत नाही.

शटर तसंच टाकलं, गाडी काढली.
घाटाखालच्या रस्त्यावर खडी अंथरलेली,
दोनदा चाक घसरलं.
बाई बांधावर बसलेली, ओटा भरलेला.
मी लांबूनच ओरडलो:
"टाका ते! टाकून द्या!"

तिनं ओट्यातलं एक पान उचललं,
उन्हाकडं धरून बघितलं, परत ठेवलं.
"हे खदानीचं हाय."
मग समोरच्या तरोट्याकडं हनुवटी केली.
हिरवागार, अंगानं भरलेला,
फक्त शेंडा
मान मुरगळल्यासारखा एका बाजूला.
"तुझ्या वहीला उधारी कळती, लेकरा.
पाल्याला रोखीचं बी कळतं."

मी उभाच.
माझ्या शर्टाला औषधाचा वास असतो,
दोन धुण्यांनी जात नाही.
तिला तो आला असणार,
कारण ती जरा वाऱ्याच्या बाजूला सरकली.
गुडघ्यावर हात देऊन उठली
आणि मूठभर पाथरी माझ्या डिकीत कोंबली.
"शिजवू नको. भाकरीसंगं, मीठ आन् तेल."

रात्री आम्ही खाल्ली.
कडवट, देठाशी दुधाळ.
बायको म्हणाली, कुठून आणलीत?
म्हटलं, दुकानातून.
"तुमच्या दुकानात खायचं काय मिळतं?"
आणि तिनं आणखी अर्धी भाकरी मोडली.

आता वहीच्या मागच्या पानावर
मी रोखीचीही नावं लिहितो.
नाव, शेत, तारीख. पुढं काही नाही.
परवा मालकानं पान उलटलं.
"हे काय? आणि रक्कम कुठाय?"
म्हटलं, रक्कम नाही त्याला.
मंगळवारी एक बाई येऊन ऐकून जाते.