सात नंबर

मिल बंद झाली तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी
मॅनेजरच्या बंगल्यातलं सामान वाटलं.
कुणी पंखा नेला, कुणी शिसवी खुर्ची,
वल्याळनं तर मोरीचं दारही उतरवून नेलं.
माझ्या वाट्याला ही पिशवी आली,
अकरा काठ्या, तीन महिन्यांच्या पगाराच्या.
सत्यव्वा उंबऱ्यातच म्हणाली,
"एवढी कुत्री आहेत का आपल्या गल्लीत?"

त्याला चोवीस वर्षं झाली.
दर रविवारी, उन्हं चढायच्या आत,
होटगी रोडपलीकडच्या माळावर जातो.
नऊ खड्डे. गवत नाही.
बाहेरचे लोक ग्रीन म्हणतात, आमचं ब्राऊन,
वाळूत जळकं ऑइल कालवून थापलेलं.
ती चप्पल घरात घ्यायची सोय नाही.

काठी कधी बदलावी?
भास्कर फोनवर सांगतो, दर पाच वर्षांनी.
त्याला सगळंच पाच वर्षांनी बदलायचं असतं.

धोट्याचं मला कळायचं.
टोक झिजलं की ताणा तुटायचा,
एका पाळीत चार गाठी माराव्या लागल्या
की जॉबर न विचारता नवा धोटा काढून द्यायचा.
काठीला ताणा नाही.
ती झिजते आणि कुठे काही तुटत नाही.
बॉल फक्त जरा अलीकडे पडतो,
जरा डावीकडे,
आणि तोवर आपलंही वय झालेलं असतं.

मूठ तर कधीच गेली. घाम पिऊन पिऊन
रबर काचेसारखं झालं होतं.
त्यावर टॉवेलची पट्टी गुंडाळली,
सेकंड माल, काठाला निळा धागा.
सात नंबरच्या पात्यावर खाचा होत्या,
नखानं मोजता येतील अशा.
आता अंगठा फिरवला तर
टाकी लावायला झालेल्या पाट्यासारखं लागतं.
पाट्याला टाकी लावणारी बाई
दिवाळीआधी ओरडत यायची तरी.

मग एका रविवारी डॉक्टर कलशेट्टींनी
स्वतःची कोरी सात नंबर माझ्या हातात दिली.
"मारा येमुल. एकच."
मौलालीनं बॉल ठेवला. मी मारला.
मौलाली पावलं मोजत गेला,
माझ्या नेहमीच्या बाभळीपुढे बावीस.
मी परत मोजायला लावलं.
बावीस.

म्हणजे दहा वर्षं मी या खांद्याला
उगीच शिव्या घातल्या.
त्याला तेल चोळलं, शेक दिला,
विजापूर वेशीतल्या हाडवैद्याकडे नेलं,
आणि तो बिचारा एका शब्दानं बोलला नाही.

आनंद झाला. नाही असं नाही.
गाडीला किक मारेपर्यंत टिकला.
मग वाटलं, नवी घेतली
आणि दोन वर्षांनी तीही
बाभळीच्या अलीकडेच टाकायला लागली तर?
तेव्हा ढकलायचं कुणावर?
जुनीची एवढी तरी सोय होती,
काहीही बोला, ती उलटून बोलायची नाही.

आठ दिवस असेच गेले.
नवव्या दिवशी भास्करला फोन केला,
सेट नको. एकच पाठव. सात.
"बाबा, एकेक नाही देत कुणी."
म्हटलं, विचारून तर बघ.
धोटासुद्धा एकेकच मिळायचा.

नवी अजून यायचीय.
जुनी सत्यव्वानं मागून घेतली,
परसातल्या शेवग्यासाठी. वाकडं डोकं
शेंगेच्या देठाला नेमकं अडकतं.
पहिल्याच दुपारी सोळा शेंगा पाडल्या तिनं.
मी खाली वेचत होतो.
तिनं पट्टीवरून हात फिरवला,
दांडा डोळ्यापुढे धरून सरळ आहे का बघितला,
जसं ती सुईत दोरा ओवताना बघते,
आणि मला विचारलं,
"हिला काय झालंय? चांगली तर आहे."