नॅट टाइप तीन

साडेदहाला वडगावातले माग एकेक करून गप्प होतात,
आणि मग राउटरची बारीक गुणगुण ऐकू येते.
तिसरा दिवा तांबडा.

सटूप्पा गडहिंग्लजात, मी इथं बोळात.
मधे संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका,
साठ-पासष्ट किलोमीटर. एसटीला अडीच तास.
पण त्यानं मारलेला बॉल आधी चेन्नईला जातो म्हणे,
तिथल्या थंडगार खोलीत जरा थांबतो,
मग माझ्या गोलकीपरला निरोप येतो
की गोल मघाशीच झाला.

आवाज तर नाहीच.
हेडफोनात नुसतं "हॅ… की रे… ला का…"
आणि पडद्यावर : नॅट टाइप तीन. कडक.
त्याच्याकडंही तीनच.
दोन कडक माणसं एकमेकांशी बोलत नसतात,
हे कळायला मला चार रविवार लागले.

हेल्पलाइनवर मराठीला आकडा नव्हता.
एक दाबला. येतं की मला.
"सर, रिस्टार्ट माडि."
"माडेन् री, मूर सल."
"बंद करून तीस मोजा," ती म्हणाली, कन्नडातच.
मोजले. फौंड्रीत ओतीव गार व्हायला
याहून कितीतरी जास्त मोजावं लागतं.
तांबडा तो तांबडाच.

मग ईश्वरीनं, नववीतल्या, वायरचा माग काढला :
"पप्पा, राउटर दोन हायत.
एक खाली शंक्रव्वाक्कांचा, एक आपला.
एकाच्या पोटात एक."
पासवर्ड शंक्रव्वाक्कांना ठाऊक नव्हता.
पोरगा धारवाडास्नं येऊन बसवून गेलेला.
हेस्कॉमच्या जुन्या बिलामागं सापडला,
दुधाच्या हिशेबाखाली.

वरच्याला ब्रिजवर टाकलं. खालच्यात दारं उघडली :
तीन हजार चारशे अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी.
ती सांगत होती, मी दाबत होतो,
लेथवर वीस वर्षं घासलेल्या बोटांनी
दर वेळी एक आकडा जास्त.

टाइप दोन झाला! आम्ही ओरडलो.
आणि सटूप्पाचा स्ट्रायकर
पेनल्टी बॉक्सात जागच्या जागी गोठून उभा.
शंभरातली नऊ पाकिटं वाटेत गळतायत,
ईश्वरीनं वाचून दाखवलं.

तेव्हा रेणुका मागावरनं आलेली, कानात अजून खडखडाट.
दोन हजार धाग्यांतला तुटका
ती न बघता, आवाजावरनं ओळखते.
जेवणाचं ताट बाजूला सारून
भिंतीकडंनं वायर चिमटीत धरत निघाली,
कपाटामागनं, दारामागनं,
आणि लोखंडी कॉटपाशी थांबली.
"हितं."
पायाखाली वायर चेपून कागद झालेली.
दसऱ्याच्या साफसफाईत कॉट मीच सरकवली होती.
ते ती बोलली नाही.

वायर सोलली. आत आठ धागे.
"आठच?" असं म्हणून हसली.
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा…
ईश्वरी क्रम वाचत गेली,
रेणुका ते नखानं सरळ करून ओळीत बसवत गेली.
शेजारच्या मल्लेशचा पंच होता, मी तेवढा दाबला.
माझं काम तेवढंच.

पावणेबारा. पिंग बेचाळीस.
आणि एकदम, इतका जवळ की मी मान वळवली :
"जेवलास काय रे?"
"जेवलो. तू?"
"मघाशीच की."
मग दोघांनाही काही सुचेना.
बॉल मधल्या टिपक्यावर तसाच.
चार रविवार साठवलेलं बोलणं
वायर नीट झाल्यावर कुठं गेलं कोणास ठाऊक.

त्याच्या गल्लीत कुत्रं भुंकलं.
आमच्या बोळातलं उठून बसलं,
कान टवकारून टीव्हीकडं बघत राहिलं.

खेळलो. चार-शून्यानं हरलो.
रेणुका गार झालेलं ताट पुढं ओढत म्हणाली,
"आता नेटला नावं ठेवू नको."