पान बेचाळीस

सुपरवायझर बाईंनी जाड काळं मार्कर दिलं,
वहीत माझी सही घेतली.
"अ‍ॅटलास एकतीस. पान बेचाळीस. एकच शब्द."

हवल्लीत त्या दिवशी धुळीचं वादळ होतं.
खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल,
स्टाफरूमभर कच्च्या विटेचा वास,
आणि मी, रोह्याची, इकामा दोन वर्षांचा,
एका देशाच्या नावावरून
एकतीस वेळा शाई ओढत होते.
विसाव्यानंतर हात सराईत झाला.
ते मला आवडलं नाही,
पण झाला.

शिकवायचं काय ते ठरलेलं होतं :
डोंगर, पाऊस, मृत समुद्राची खोली.
उरलेलं अभ्यासक्रमाबाहेर.

नववी ब मधल्या जेरिननं पान उचलून ट्यूबलाइटला धरलं.
"मिस, मागून वाचता येतं."
येत होतं. उलटं, पण शाबूत.
भराभर पानं वर गेली, हशा पिकला,
मागच्या बाकावरून फादी काहीतरी बोलला समुद्रात बुडवण्याचं,
कुणीतरी म्हणालं, मग बसमध्ये बॉम्ब कोण ठेवतं?
आणि हसणं कुठे संपलं ते कळलं नाही.

राघदनं पान उचललं नव्हतं.
"त्यांचं निदान खोडावं लागतं, मिस.
आमचं छापलेलंच नाही."

मी काय बोलणार?
बी.एड.ला हे नव्हतं.
म्हटलं, "तुझ्या गावाचं सांग."
"लुद. जंक्शन आहे.
आजोबा तिथे सांधेवाले होते.
मालगाडी गेली की फळीवरची ताटं वाजायची.
इथे त्यांना झोप येत नाही,
म्हणतात, ताटं गप्प असतात."

घंटा झाली.
मी फळा पुसला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

*

सिम्हा अष्टमकर.
नदीपलीकडे त्यांचा घाणा.
शनवारी बैल मोकळा, घाणा बंद,
म्हणून सारा गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा,
त्यात वाकडं काही नव्हतं,
निदान आम्हांला तसं वाटायचं.
सातवीच्या परीक्षेनंतर ती गेली.
एक निळं आंतरदेशीय, म्हणजे परदेशीय, पत्र आलं,
तिचंच मराठी, तिचेच ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले :
"बाबा वीमानतळावर सामान उचलतात.
घर दगडाचं आहे, जुनं. आधी कुणाचं होतं
विचारलं की मोठी माणसं जेवायला वाढतात.
मागून मालगाडी जाते,
फळीवरची ताटं वाजतात. आई दचकून ऊठते."
आणि वर कोपऱ्यात, तारखेच्या शेजारी : लोद.

सालमियाच्या फ्लॅटमध्ये, पासपोर्टांच्या पिशवीत
ते पत्र सतरा वर्षं आहे.
एकाचा उकार खाली लोंबतो,
दुसऱ्याची मात्रा वर उभी.
मधलं ल आणि द तेच.
व्याकरणाच्या बाईला हे आधी दिसायला हवं होतं.
मी भूगोलाची.

*

पुढच्या सोमवारी पत्र वर्गात नेलं.
गाव न सांगता इंग्रजीत वाचून दाखवलं.
जेरिन म्हणाला, कोट्टायमला आमच्याकडेही असंच.
राघद म्हणाली, "हे आजोबांचं."
मी म्हटलं, नाही.
मग कोपरा वाचला.

एसीचा घर्रघर्र आवाज.
फादीनं पेनाचं टोपण दातांत धरलेलं.
मला वाटलं, आता रडेल, किंवा उठून जाईल,
किंवा उद्या तिचे वडील येतील,
नाहीतर सुपरवायझर बाई आणि त्यांची सह्यांची वही.
ती उठली. टेबलाशी आली.
पत्र हातात न घेता नुसतं वाकून पाहिलं,
जसं विहिरीत बघतात.
"हे उजवीकडून वाचायचं का?"
"डावीकडून."
बराच वेळ ती चुकीच्या बाजूनं वाचत राहिली.

मग म्हणाली,
"कुणाचं घर होतं, ते कळलं का तिला पुढे?"

माहीत नाही, म्हटलं.
परदेशी टपालाला पैसे लागायचे.
आई म्हणाली होती, पुढच्या महिन्यात लिही.
मी उत्तर पाठवलंच नाही.